दुकान आहे, पण सांपडत नाहीं

दुकान उघडावें, पाटी लावावी, माल चोख ठेवावा आणि गिऱ्हाइकाची वाट पाहावी, एवढें व्यापाराचें शास्त्र आमच्या घराण्यांत पुरेसें समजलें जात असे. वस्तुतः आमच्या घराण्यांत व्यापार कोणी केलाच नव्हता, ही गोष्ट निराळी. मास्तरकी, वकिली आणि फार झालें तर पोस्टखातें, यापलीकडे आमची मजल कधीं गेली नाहीं. त्यामुळें आमच्या वहिनींनीं भाजणी, मेतकूट, डांगराचें पीठ आणि गोडा मसाला विकण्यास प्रारंभ केला तेव्हां घरांत थोडी कुजबुज झाली. पण थोरले बंधु वारल्यावर दोन मुलांचीं शिक्षणें त्याच पिठांवर पार पडलीं, आणि कुजबुज करणारेच डबे घेऊन दुकानांत येऊं लागले.

सांगलीस त्या मालाला जाहिरातीची गरज नव्हती. दिवाळीच्या आधीं पंधरा दिवस दुकानापुढें रांग लागे आणि वसुबारसेच्या आंत चकलीची भाजणी संपे. परंतु २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी पेठेंत शिरलें आणि दुकानांतील धान्य, डाळी व नुकतीच घेतलेली गिरणी घेऊन गेलें. त्यांतून सावरतों न सावरतों तोंच २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी आली. घरांत तयार पीठ आणि बाहेर बंद रस्ते, अशा स्थितींत धाकट्या सूनबाईंनीं संगणकावर दुकान मांडण्याची कल्पना काढली व चार दिवसांत संकेतस्थळ उभेंही केलें. सहा महिन्यांत त्यावर मागण्या आल्या अकरा. त्यांतील आठ नातेवाइकांच्या होत्या.

एके दिवशीं पानावर बसलों असतां वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, त्या गूगलाला म्हणे सबंध जगाची माहिती आहे. मग आपलें दुकान तेवढें कसें ठाऊक नाहीं?’ आम्हीं तीस वर्षें शाळेंत शास्त्र शिकविलें आहे. परंतु या प्रश्नाला उत्तर देतां आलें नाहीं, आणि आम्ही निमूटपणें ताकाची वाटी पुढें ओढली.

उत्तर देणारा दुसराच कोणी भेटला. एका कंपनीच्या गृहस्थांचा फोन आला कीं, तीन महिन्यांत तुमचें दुकान पहिल्या क्रमांकावर आणूं, हमी लेखी देऊं, मोबदला रुपये ४५,०००. पुरानंतरच्या त्या दिवसांत ही रक्कम आम्हांला लहान नव्हती. वहिनींनीं गिरणीसाठीं बाजूला टाकलेल्या पैशांतून ती दिली. पहिल्या दोन महिन्यांत खरोखरच चमत्कार झाला. सातव्या पानावरील दुकान दुसऱ्या पानावर आलें आणि घरांत पेढे वाटले गेले. पुढें एके सकाळीं तें दुसऱ्या पानावर नव्हतें, सातव्यावर नव्हतें, विसाव्यावरही नव्हतें. कंपनीचा फोन लागेना. सूनबाईंनीं शोधून पाहिलें तेव्हां गूगलकडून आलेली सूचना सांपडली: आपल्या संकेतस्थळाकडे अनैसर्गिक दुवे आढळल्यामुळें त्यावर कारवाई करण्यांत आली आहे. म्हणजे परदेशांतील जुगाराच्या, औषधांच्या आणि देव जाणे कसल्या शेंकडों पानांवर आमच्या भाजणीचे दुवे पैसे देऊन चिकटविण्यांत आले होते ! वहिनी एवढेंच म्हणाल्या, ‘आपण लबाडी केली, असें झालें कीं हें.’ त्यांचा तो शब्द आमच्या मनाला फार लागला, कारण पैसे देण्याच्या कामीं सल्ला आमचाच होता.

त्याच दिवशीं आम्हीं दोनशें पानी वही आणली आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं नवशिक्या होऊन बसलों. या विद्येला ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ असें लांबलचक नांव असून मंडळी तिला ‘एस्. ई. ओ.’ म्हणतात. आमची नात म्हणाली, ‘आजोबा, वही कशाला? सगळें मोबाइलवर असतें.’ पण वहीशिवाय आमच्या डोक्यांत कांहीं शिरत नाहीं, त्याला इलाज नाहीं.

पहिली गोष्ट आम्हीं वहींत लिहिली ती ही कीं, शोधयंत्र हें आपण विचारतांक्षणीं जगभर धांवत जाऊन शोधीत नाहीं. आमचा तसाच समज होता, आणि पुष्कळांचा असावा. खरा प्रकार असा आहे कीं, त्याचे यांत्रिक हेर अहोरात्र एका पानावरून दुसऱ्या पानावर, दुव्यांच्या धाग्यानें, फिरत असतात. जें पाहिलें त्याची नोंद ते आणून देतात आणि त्या नोंदींची एक अवाढव्य शब्दसूची तयार होते. जाड ग्रंथाच्या शेवटीं असते तशीच. आपण शब्द टाकतांच यंत्र फक्त ती सूची उघडतें आणि सांपडलेलीं पानें योग्यतेनुसार क्रमानें मांडतें. फिरणें, नोंदणें आणि क्रम लावणें अशीं तीं तीन कामें आहेत. दुकान सांपडत नसेल तर तीन कामांपैकीं कोठें अडलें आहे, हें आधीं पाहावें लागतें. ताप आहे म्हणतांच काढा देऊन चालत नाहीं.

क्रम लावण्याचा इतिहास आम्हांला विशेष रंजक वाटला. माँट्रिअलच्या मॅक्‌गिल विद्यापीठांत १९९० मध्यें ॲलन एमटेज या विद्यार्थ्यानें ‘आर्ची’ नांवाचें जें यंत्र केलें, तें केवळ फायलींचीं नांवें शोधी. पण त्याच्याही पुष्कळ आधीं, १९७२ मध्यें, केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स या विदुषीनें एक साधें व मर्मग्राही तत्त्व मांडलें होतें: जो शब्द पुष्कळ लेखांत येतो त्याला शोधांत वजन थोडें, आणि जो क्वचितच येतो त्याला अधिक. ‘आणि’ हा शब्द प्रत्येक पानावर आहे, म्हणून तो कोणाचीच ओळख पटवीत नाहीं. ‘मेतकूट’ थोड्या पानांवर आहे, म्हणून तो पटवितो.

यापुढचें पाऊल स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनीं टाकलें व १९९८ मध्यें त्यांनीं गूगल ही कंपनी स्थापिली. पानाची योग्यता त्या पानाला विचारून कशी कळणार? त्याच्याकडे कोणकोण बोट दाखवितात तें पाहावें, ही त्यांची युक्ति. हें आम्हीं वहिनींना समजावून सांगूं लागलों तेव्हां त्या मध्येंच म्हणाल्या, ‘म्हणजे स्थळाच्या चौकशीसारखें.’ इतका चपखल दाखला आम्हांला सुचला नसता. मुलगा चांगला आहे, असें मुलाच्या बापानें सांगितल्यास त्याची किंमत शून्य. दहा जणांनीं सांगितल्यास कांहीं. आणि ज्यांच्या शब्दाला गांवांत मान आहे अशा एका वृद्ध गृहस्थांनीं सांगितल्यास त्या दहांहून अधिक. पेज यांचें गणित हेंच करतें. दुवा देणाऱ्या पानाला स्वतःला किती मान आहे, हें तें आधीं मोजतें. आमच्या कंपनीनें केलें तें असें कीं, चावडीवरच्या रिकामटेकड्यांना पैसे देऊन स्थळाची शिफारस करविली.

हा उद्योग करणारे आम्हीच पहिले नव्हतों, हें कळल्यावर किंचित् समाधान वाटलें. एके काळीं लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शेंकडों वेळां लिहीत. माणसाला दिसूं नये, पण यंत्रानें मोजावा म्हणून. मोटारी करणारी बीएमडब्ल्यू ही कंपनी लहान नव्हे. पण यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरें दाखविल्यामुळें २००६ च्या फेब्रुवारींत तिचें जर्मन संकेतस्थळ गूगलनें सूचींतून काढून टाकलें होतें, आणि सुधारणा झाल्यावरच परत घेतलें. २०११ मध्यें ‘पांडा’ नांवाच्या बदलानें उथळ व उसन्या मजकुराचीं पानें मागें ढकललीं गेलीं. २०१२ च्या एप्रिलमध्यें ‘पेंग्विन’ आला आणि त्यानें विकत घेतलेल्या दुव्यांना दणका दिला. आम्हांला विकलेली विद्या ही अशी नऊ वर्षें शिळी होती. पहिल्या क्रमांकाची हमी कोणालाच देतां येत नाहीं, असें खुद्द गूगलनेंच आपल्या मार्गदर्शक पानावर लिहून ठेवलें आहे. तें पान आम्हीं ४५,००० रुपये देण्यापूर्वीं वाचलें असतें तर !

प्रायश्चित्त सोपें नव्हतें. सूनबाई आणि आम्ही असे दोघे मिळून सव्वा महिना त्या शेंकडों दुव्यांची यादी करीत होतों. ज्या संकेतस्थळांचे पत्ते मिळाले त्यांना, दुवा कृपया काढावा, अशीं पत्रें धाडलीं; पांच-सहांनींच उत्तरें दिलीं, आणि त्यांतील एकानें काढण्याचेही पैसे मागितले. उरलेल्यांची यादी, हे दुवे आमचे समजूं नयेत म्हणून, गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या खात्यांत सादर केली. ही सोय २०१२ पासून आहे आणि आमच्यासारख्या पोळलेल्यांसाठींच आहे. ज्याच्यावर कारवाई झालेली नाहीं, त्यानें तिच्या वाटेस जाऊं नये. मग फेरविचाराचा अर्ज. तो आम्हीं शाळेंतील माफीपत्राच्या थाटांत लिहिला होता, पण सूनबाईंनीं त्यांतील अर्ध्याहून अधिक विशेषणें काढून टाकलीं. काय घडलें, काय केलें आणि पुढें काय करणार नाहीं, एवढेंच ठेवलें. कांहीं आठवड्यांनीं कारवाई मागें घेतल्याचें कळलें.

तरीही दुकान दिसेना. या मुदतींत पुतण्यानें सबंध संकेतस्थळ नव्यानें बांधलें होतें. आम्ही रोज सकाळीं पाहत होतों आणि रोज निराश होत होतों. शेवटीं वहींत टिपलेला एक उपाय करून पाहिला: शोधाच्या चौकटींत ‘साइट’ हा इंग्रजी शब्द, अपूर्णविराम आणि त्याला लागून आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिला कीं सूचींत आपलीं कोणतीं पानें आहेत याचा अंदाज मिळतो. आमचें एकही नव्हतें. शोध घेतां असें आढळलें कीं, बांधकाम चालू असतांना अर्धवट पानें जगाला दिसूं नयेत म्हणून पुतण्यानें ‘शोधयंत्रांना मज्जाव’ अशा अर्थाच्या चौकटींत खूण केली होती आणि ती काढावयास तो विसरला होता. सहा आठवडे आम्हीं दाराला आंतून कडी घालून गिऱ्हाइकाची वाट पाहिली ! पुतण्या दोन दिवस जेवणास आमच्या समोर बसला नाहीं.

आतां मराठीच्या विशेष अडचणी सांगावयास हव्यात. त्या इंग्रजी शिक्षणक्रमांत कोणी सांगत नाहीं. वहिनींच्या जुन्या कृति पुतण्यानें २००४ च्या सुमारास एका जुन्या फॉन्टांत टंकून ठेवल्या होत्या, त्या फॉन्टासकट जशाच्या तशा संकेतस्थळावर चढविल्या गेल्या. पडद्यावर सुरेख ‘भाजणी’ दिसे. पण त्या काळच्या अशा फॉन्टांत देवनागरी हें केवळ सोंग होतें. आंत रोमन अक्षरांची निरर्थक माळ असे आणि फॉन्ट तिला मराठी कपडे चढवी. यंत्र कपडे पाहत नाहीं, आंतली माळ वाचतें. त्याच्या लेखीं आमच्या पानांवर कोणत्याच भाषेंतील एक शब्द नव्हता. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी ‘युनिकोड’ पद्धति १९९१ पासून आहे. त्या पद्धतींत सर्व कृति पुन्हा टंकाव्या लागल्या. ज्यांच्या घरीं आजोबांचीं चरित्रें, कुलवृत्तान्त वगैरे जुन्या फॉन्टांत पडून आहेत त्यांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें.

दुसरी अडचण ऱ्हस्वदीर्घाची. कोणी ‘मेतकूट’ लिहितो, कोणी ‘मेतकुट’. आणि बहुसंख्य मंडळी मराठींत लिहीतच नाहींत, तीं रोमन लिपींत लिहितात, त्यांतही कोणी एक ‘यू’ घालतो तर कोणी दोन ‘ओ’. यंत्र यांतले पुष्कळ भेद आतां जाणतें, तरी सगळे नाहीं. आमची स्वतःची संवय तर याहून घातक. वडिलांच्या हाताखालीं शिकल्यामुळें आम्ही अद्याप ‘नाहीं’ आणि ‘कांहीं’ यांवर अनुस्वार देतों, १९६२ चे नियम आम्हांस मान्य झाले नाहींत म्हणून नव्हे, तर हातच वळत नाहीं म्हणून. आम्हीं लिहिलेल्या पहिल्या पानावरून सूनबाईंनीं सारे अनुस्वार तांदुळांतील खड्यांसारखे वेंचून काढले. आम्ही थोडे रुसलों. पण शोधणारा जसें लिहितो तसें दुकानदारानें लिहावें, या त्यांच्या म्हणण्याला उत्तर नव्हतें.

तिसरी गंमत डांगराची. आमच्याकडे डांगर म्हणजे भाजलेल्या उडदाच्या डाळीचें पीठ. पण महाराष्ट्राच्या कांहीं भागांत डांगर म्हणजे लाल भोपळा. त्यामुळें आमचें पीठ भोपळ्याच्या भाजींत हरवलें होतें. पानाचा मथळा ‘डांगर’ एवढाच होता, तो ‘उडदाचें डांगर पीठ’ असा केला. मथळा हा शब्द येथें नीट समजून घ्यावा. यंत्राच्या यादींत जी ठळक ओळ दिसते ती बहुधा यांतून येते, आणि तिच्यावर क्रमही कांहीं अंशीं अवलंबून असतो. तिच्याखालचें दोन ओळींचें वर्णन क्रमाला उपयोगी पडत नाहीं. पण वाचणारा दारांत शिरेल कीं पुढें जाईल, हें त्यावर ठरतें. शोधशब्दांची जी गुप्त यादी लोक पानाच्या पोटांत भरीत असत ती क्रमासाठीं आपण पाहत नाहीं, असें गूगलनें २००९ मध्येंच जाहीर केलें. तरी आमच्या कंपनीनें तींत दीडशें शब्द भरून त्यांचे वेगळे पैसे लावले होते. चित्रांना शब्दांत वर्णन जोडावें, मोबाइलवर पान चटकन उघडावें, या गोष्टी चार दिवसांत उरकल्या. पुतण्यानें काढलेले फोटो एवढे जड होते कीं थालीपीठ दिसेपर्यंत भूक मरावी.

पण हें सगळें झाल्यावरही प्रश्न उरलाच, कीं लोकांनीं आपल्याकडे यावें कशासाठीं? सर्च कन्सोलमध्यें, कोणते शब्द शोधतांना आपलें पान लोकांपुढें आलें, हें दिसतें. आम्ही तेथें ‘उत्तम भाजणी’ असें कांहीं पाहण्याच्या आशेनें गेलों. लोक विचारीत होते, ‘चकली मऊ का पडते’, ‘चकली तेलात विरघळते’, ‘चकली भाजणी प्रमाण’. कोणालाही दुकान नको होतें. प्रत्येकाच्या घरीं कढई तापली होती आणि चकली बिघडली होती.

यावरून घरांत मोठा वाद झाला. सूनबाईंचें म्हणणें, प्रमाण आणि कृति पूर्ण लिहावी. पुतण्या म्हणाला, ‘आईची भाजणी हें आपलें भांडवल, तेंच फुकट वाटायचें, तर विकायचें काय?’ आमचा कल मनांतून पुतण्याकडे होता. दोन दिवस कोणी विषय काढला नाहीं. तिसऱ्या दिवशीं वहिनींनीं सूनबाईंना हांक मारली आणि सांगूं लागल्या: तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, मुगाची एक, धने, जिरें, प्रत्येक धान्य वेगळें भाजावें. चकली मऊ पडते ती पीठ सैल झाल्यामुळें किंवा मंद आंचेवर तळल्यामुळें. विरघळते ती मोहन जास्त झाल्यामुळें. कडक होते ती मोहन कमी पडल्यामुळें. पुतण्याकडे न पाहतांच त्या म्हणाल्या, ‘ज्यांना करायला सवड आहे त्या करतील. ज्यांना नाहीं त्या आपल्याकडून घेतील. पुराच्या वेळीं आपल्याला डाळ उसनी देणाऱ्या बायकांपासून मी प्रमाण लपवूं का?’

तें पान सूनबाईंनीं वहिनींच्याच बोलण्यांत लिहिलें. आमचा एक प्रास्ताविक परिच्छेद होता, चकलीच्या व्युत्पत्तीसंबंधीं. तो गाळण्यांत आला. पुढें इंदुरच्या एका गृहिणीनें आपल्या पाककृतींच्या पानावरून, आम्हांला न कळवितां, त्या पानाकडे दुवा दिला, मग बडोद्याच्या एकीनें. स्थळाची शिफारस ती हीच. २०२२ च्या दिवाळींत संकेतस्थळावरून २३७ मागण्या आल्या, आणि त्यांत नातेवाईक चौदा. हमीच्या पहिल्या क्रमांकावर आम्ही अद्याप नाहीं; चकलीच्या प्रश्नाला तिसऱ्या-चौथ्या जागीं असतों, नुसत्या ‘भाजणी’ शब्दाला मोठ्या कारखान्यांच्या मागें. गिरणीचे पैसे मात्र त्या वर्षीं फिटले.

आतां नवें संकट आलें आहे. हिंदुस्थानांत २०२४ च्या ऑगस्टपासून गूगल कित्येक प्रश्नांना यादीच्या वर स्वतःच तयार उत्तर लिहून देऊं लागलें आहे. अनेक पानांतून वेंचलेलें हें उत्तर वाचून पुष्कळ लोक खालीं उतरतच नाहींत. गेल्या दिवाळीपूर्वीं नातीनें चकलीचा प्रश्न विचारून दाखविला, तों त्या उत्तरांत मोहनाची गोष्ट जवळजवळ वहिनींच्याच क्रमानें आलेली ! आम्हांला राग आला. वहिनींनीं चष्मा लावून तें उत्तर दोनदां वाचलें. ‘बरोबर लिहिलें आहे,’ त्या म्हणाल्या, ‘फक्त धान्य वेगवेगळें भाजायचें तें राहिलें.’ मग त्यांनीं विचारलें कीं, सातूचें पीठ उन्हाळ्यांत कसें घ्यावें, असें कोणी विचारतें का. नातीनें पाहिलें; विचारतात, आणि मराठींत नीट उत्तर देणारीं पानें थोडीं आहेत. सूनबाईंनीं मजकूर लिहून ठेवला आहे. फोटो तेवढा अडला आहे, कारण पुतण्यानें सातू कांचेच्या पेल्यांत कालविला आणि वहिनींना पितळेची वाटी हवी आहे.